घण पडण्याआधीचा कागद

इंग्लंडमध्ये रेडिंगहून ऑक्सफर्डला जाणारी गाडी डिडकॉटला थांबते. मी पहिल्यांदा या मार्गाने कामाला जाऊ लागले तेव्हा रुळांच्या शेजारी कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राचे सहा अजस्र मनोरे उभे होते. २०१३ मध्ये केंद्र बंद झालं आणि पाडकाम सुरू झालं. २३ फेब्रुवारी २०१६ च्या दुपारी, पाडण्याची तयारी चालू असतानाच, बॉयलर हाउसचा मोठा भाग कोसळला. चार कामगार गेले. एकाचा मृतदेह लगेच मिळाला. बाकी तिघे ढिगाऱ्याखालीच राहिले, कारण शेजारी अर्धवट उभा असलेला सांगाडा कधीही खाली येईल अशी भीती होती. जुलैत यंत्रमानवांकरवी स्फोटकं लावून तो सांगाडा पाडला, तेव्हा कुठे शोध पुढे सरकला, आणि शेवटचा मृतदेह सप्टेंबरमध्ये सापडला. सहा महिन्यांहून जास्त काळ त्या घरांतल्या माणसांना अंत्यविधीही करता आला नाही. ते सगळे दिवस मी गाडीच्या खिडकीतून तो ढिगारा बघत होते.

हे आधी सांगते, कारण मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर मी पाडकामाविषयी काही लिहिलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "तुमच्याकडे शिस्त आहे, इथे कोण ऐकतंय?" इंग्रजांच्या अंगात जन्मजात शिस्त असती तर डिडकॉट झालं नसतं.

आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत आई-बाबांची छत्तीस वर्षं गेली. गेली दोन वर्षं गटावर चर्चा चालू आहे: कार्पेट एरिया किती वाढवून मिळणार, कॉर्पस (विकासक देणार ती एकरकमी रक्कम) किती, भाडं किती महिन्यांचं, पार्किंग कुणाला. यातला एकही प्रश्न फालतू नाही. पण इमारत पाडणार कोण आणि कशी, हे दोन वर्षांत कुणी विचारलेलं मला आठवत नाही. करारनाम्याचा मसुदा बाबांनी मला पाठवला. त्यात पाडकामाला एक ओळ आहे: रिकामी इमारत ताब्यात आल्यावर विकासक ती पाडेल.

मार्चमध्ये शेजारच्या गल्लीतली इमारत पाडत होते. गच्चीच्या कठड्याचा एक तुकडा निसटला आणि वॉचमनच्या केबिनचा सिमेंटचा पत्रा फोडून आत पडला. वॉचमन जेवायला गेला होता म्हणून वाचला. मग गटावर दोन तट पडले. एक म्हणत होता की मजूर हेल्मेट घालत नाहीत, त्यांना शिकवूनही उपयोग नाही. दुसऱ्याचं म्हणणं, परदेशातले नियम इथे आणले तर काम चार महिने लांबेल आणि त्या चार महिन्यांचं भाडं आपल्या डोक्यावर बसेल. दुसरी काळजी खरी आहे, तिच्याकडे मी येणार आहे. पहिलं म्हणणं मात्र मला अन्यायाचं वाटतं. हेल्मेट डोक्यावर असलं तरी पायाखालचा स्लॅब गेला तर त्याचा काही उपयोग नाही.

मी सिव्हिल इंजिनीअर आहे. जुन्या इमारती पाडण्याआधीची कागदपत्रं तपासणं हा माझ्या इथल्या कामाचा एक भाग आहे, म्हणून जरा तपशिलात जाते. राहत्या घराचा स्लॅब आपल्याकडे साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोचा वापरातला (माणसं-सामानाचा) भार धरून आखतात. फोडलेल्या काँक्रीटचा सैल ढीग घनमीटरला दीड टनाच्या आसपास भरतो. म्हणजे वरचा मजला फोडून राडारोडा खालच्या स्लॅबवर वीतभर साठू दिला की चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर वजन गेलं. आणि हा स्लॅब नवा नाही, चाळीस पावसाळे पिऊन सळ्या फुगलेला आहे. राडारोडा रोजच्या रोज खाली उतरवला नाही तर मजले एकावर एक बसत जातात, आणि घण मारणारी माणसं त्यांच्यावरच उभी असतात.

गॅलरीचंही तसंच. बाहेर झुकलेली गॅलरी आतल्या स्लॅबच्या किंवा वरच्या भिंतीच्या वजनाने धरलेली असते. आधी आतलं काढलं तर गॅलरी माणसासकट खाली येते. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत लाकडी खांब, लोखंडी तुळया आणि लादीकोबा, म्हणजे लाद्यांवर चुन्याचा थर घातलेली जमीन. तिथे कोणती तुळई कोणाला धरून आहे हे समजल्याशिवाय हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ. पाडकाम हे बांधकामाच्या उलट्या क्रमाने करायचं असतं, आणि तो क्रम कुणीतरी आधी कागदावर मांडावा लागतो.

आता पैशाकडे येते, कारण मला वाटतं खरी गाठ तिथेच आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाडकामाचा ठेकेदार हा मजुरी घेऊन काम करणारा नसतो, तो भंगार विकत घेणारा असतो. सळ्या, सागवान, दारं-खिडक्या, पाइप यांचा अंदाज बांधून तो विकासकालाच रक्कम देतो आणि इमारत 'उचलतो'. त्याची कमाई माल किती लवकर आणि किती अखंड निघतो यावर. चाळीतला सर्वांत महाग माल म्हणजे सागवान, आणि चाळ उभी असते तीही त्याच सागवानाच्या आधारावर. असा व्यवहार केल्यावर नाक्यावरून आणलेल्या मजुराच्या हातात पहार देऊन "जपून कर" म्हणण्याला काय अर्थ उरतो? भंगाराची किंमत ब्रिटनमध्येही धरतात, ठेकेदाराच्या बिलातून ती वजा होते. फरक पडतो तो जबाबदारीत.

ब्रिटनमध्ये २०१५ च्या बांधकाम नियमांनुसार ज्याच्यासाठी काम होतंय त्या मालकावरही जबाबदारी येते. पाडकामाची पद्धत काम सुरू होण्याआधी लेखी असली पाहिजे, असं नियमच सांगतो. त्याखेरीज १९८४ च्या इमारत कायद्याप्रमाणे पालिकेला आधी नोटीस द्यावी लागते, आणि तिची प्रत लगतच्या इमारतीत राहणाऱ्यांना, गॅसवाल्यांना आणि वीजवाल्यांना जाते. पालिका उलट नोटीस काढून अटी घालू शकते: शेजारच्या इमारतीला टेकू द्या, उघडी पडलेली भिंत पावसापासून झाका, गटारजोड बंद करा. शेजारी राहणाऱ्या म्हातारीला घण पडायच्या आधी कळतं की काय होणार आहे. मला या सगळ्या यंत्रणेतली ती एक प्रत फार मोलाची वाटते.

हे सगळं परदेशी आहे, असं म्हणणाऱ्यांनी आपलंच भारतीय मानक, आयएस ४१३०, काढून बघावं. इमारती पाडताना घ्यायच्या काळजीची ती संहिता आहे आणि मूळ १९६७ ची आहे. वरून खाली मजल्यामागून मजला उतरवत यायचं, वीज-पाणी-गॅस आधी तोडायचं, काचा आधी काढायच्या, वस्तीत शक्यतो रात्री काम करायचं नाही, हे सगळं त्यात आहे. लिहून ठेवलेलं आपल्याकडे कमी नाही. ते करारनाम्यात उतरत नाही, एवढंच.

आणि जमत नाही असंही नाही. २८ ऑगस्ट २०२२ ला नोएडाचे जुळे टॉवर ३,७०० किलो स्फोटकांनी पाडले, शेजारच्या संकुलांतले हजारो लोक आधी बाहेर काढले, एकालाही इजा झाली नाही. त्याच वर्षी २ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर पुण्यात चांदणी चौकातला पूल उडवला. तो एका दमात पडला नाही, उरलेला भाग पोकलेनने काढावा लागला, पण माणसं लांब होती. तेव्हा सारा देश टीव्हीसमोर होता. आमच्या चार मजली इमारतीकडे कुणी कॅमेरा लावणार नाही, आणि मला काळजी तिचीच आहे. मुंबई महापालिकेने २०२३ च्या ऑक्टोबरात धुळीसाठी नियम काढले: पाडकाम चाललेली इमारत वरपासून खालपर्यंत झाकायची, सतत पाणी मारायचं. त्यानंतर हिरवी कापडं दिसू लागली, हे मी गेल्या सुटीत स्वतः पाहिलं. पालिकेने धरून लावलं तर होतं. पण ते कापड धूळ अडवतं, खचणारा स्लॅब अडवत नाही.

वॉचमनच्या केबिनवरचा तो फुटलेला पत्रा माझ्या डोक्यातून जात नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत आणि सांडपाण्याच्या करड्या पाइपांत ॲस्बेस्टॉस असतं. फोडलं की त्याचे तंतू हवेत जातात, फुप्फुसात बसतात आणि कर्करोग वीस-तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. ब्रिटनने ते १९९९ मध्ये पूर्ण बंद केलं, तरी जुन्या संपर्कामुळे इथे आजही वर्षाला सुमारे पाच हजार माणसं मरतात. म्हणून इथे पाडण्याआधी ॲस्बेस्टॉसची पाहणी सक्तीची आहे. आपल्याकडे आयात केलेल्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे अजून बनतात आणि विकले जातात. निदान ते घणाने फोडू नयेत, ओले करून अख्खे उतरवावेत.

राहिली भाड्याची गोष्ट. चार मजली इमारत नीट उतरवायला लागणारे जास्तीचे दिवस चार महिने भरत नाहीत. काही आठवड्यांचा प्रश्न आहे. परवानग्या अडकल्या म्हणून वर्ष-वर्ष भाडं सोसायची तयारी आपण दाखवतो, मग या आठवड्यांवरच का अडतो? जास्तीचा खर्च आजच, सही व्हायच्या आधी, करारात विकासकाच्या नावावर लिहून घेता येतो. सही झाल्यावर घेता येणार नाही.

मी बाबांना चार प्रश्न लिहून पाठवले. पाडकामाची पद्धत लेखी देणार का आणि तिच्यावर स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही असेल का. राडारोडा रोज खाली उतरेल याची जबाबदारी कुणाची. पत्रे आणि पाइप कोण, कसे काढणार. आणि मजुरांचा विमा व नोंदणी सोसायटीला दाखवणार का. बाबांनी ते वहीत स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतले आणि पाचवा प्रश्न स्वतः घातला: शेजारच्या तिन्ही इमारतींना आधी सांगणार का? त्या वॉचमनशी ते रोज संध्याकाळी बोलतात.

परवा त्यांनी सेक्रेटरींना ठेकेदाराचं नाव विचारलं. ते विकासक ठरवेल, असं उत्तर आलं. बाबांनी अर्ज देऊन पाडकाम हा विषय रविवारच्या सभेच्या पत्रिकेत घ्यायला लावला आहे. पार्किंगच्या आधी.