ईसीजीच्या नादी नको, नाडीच्या लागा

हृदय तपासायचंय? कार्डिओलॉजिस्टची अपॉइंटमेंट कसली घेताय? रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत नाडी शिबिर असतंच. रिकाम्या पोटी जा. मोफत म्हणजे मनगट मोफत, चूर्णाचे पैसे पडतात.

पुरुषांनी उजवा हात द्यायचा, बायकांनी डावा. का, ते विचारायचं नाही.

ही विद्या पाच हजार वर्षांची आहे असं सांगितलं की मान डोलवा. चरक-सुश्रुतांच्या संहितांत ही तीन बोटांची परीक्षा सापडत नाही, ती पुढे शार्ङ्गधराच्या ग्रंथात येते, असलं काही बोलून सकाळी सकाळी कुणाचा मूड घालवू नका.

वैद्यराज डोळे मिटून अंगठ्याच्या मुळाशी बोटं टेकवतील. तर्जनीखाली वात, मधल्या बोटाखाली पित्त, अनामिकेखाली कफ. वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी. गेल्या महिन्यात आमच्या मामांच्या मनगटात हंस निघाला. "काका, पंचविशीतल्या पोराचं हृदय आहे तुमचं. ब्लॉकेज शून्य टक्के!" मामा 67 वर्षांचे, डायबेटिस 18 वर्षांचा. पण हंसापुढे कोण बोलणार? मामांनी 1,800 चं चूर्ण घेतलं आणि येताना वडापाव खाल्ला.

बुधवारी पहाटे पाचला त्यांना दरदरून घाम फुटला, डावा खांदा भरून आला. मामी म्हणाली, हॉस्पिटलात जाऊ. मामा म्हणाले, "गॅस आहे गं, शून्य टक्के सांगितलंय ना!" वैद्यराजांना फोन. वात चढलाय, ओवा द्या, नऊला घेऊन या. साडेआठला कुणाला तरी मला कळवायचं सुचलं. मग टॅक्सी, मग सायनचा सिग्नल. हॉस्पिटलात दहा मिनिटांत ईसीजी निघाला आणि त्या कागदावर हंस नव्हता, हार्ट अटॅक होता. डॉक्टर म्हणाले, "चार तास काय करत होतात?" काय सांगणार? ओवा चावत होतो? स्टेंट बसला, मामा वाचले. हृदयाचा जो स्नायू त्या चार तासांत मेला, तो मेलाच.

अहो, नाडीने ठोके मोजता येतात, लय चुकत असली तर कळते. एमबीबीएस डॉक्टरही आधी मनगटच धरतो. पण हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी सत्तर टक्के चोंदली तरी मनगटात नाडी ठणठणीत लागू शकते! तिथे टक्के कुठून मोजता? अमुक औषधाने हृदयविकार बरा होतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, आणि आमच्या गेटवर 'बायपास टाळा, चूर्ण घ्या' असा हातभर बॅनर!

लिफ्ट खडखडली की कंपनीचा माणूस बोलावता ना? की तिच्या दारावर तीन बोटं टेकवून डोळे मिटता? मग स्वतःच्या बापाच्या छातीत दुखतंय तर 108 लावायला हात का थरथरतात तुमचे?

आणि सेक्रेटरीसाहेब, पुढच्या रविवारच्या शिबिराचा मेसेज तुम्ही काल ग्रुपवर टाकलात, खाली हात जोडलेले तीन इमोजी. हॉलचं भाडं मिळतं, माहीत आहे मला. मामा तिसऱ्या मजल्यावर आहेत, अजून जिना चढता येत नाही त्यांना. कधीतरी वर जाऊन तोंड दाखवा.