रोप-वेने मधला टप्पा हुकतो

गुजरातमधल्या गिरनार डोंगराच्या यात्रेवरच्या लेखातलं ‘रोप-वेमुळे गिरनार यात्रा आता सर्वांसाठी सोपी झाली’ हे वाक्य वाचून आमच्या नाशिकची कितीतरी ज्येष्ठ मंडळी फसतील. २०२० साली सुरू झालेला रोप-वे डोंगरावरच्या अंबाजीच्या मंदिरापर्यंतच जातो. दत्तपादुका तिथून पुढे आहेत. गोरखनाथाचं शिखर चढायचं, मग बरंच उतरायचं आणि पुन्हा उभ्या पायऱ्या चढायच्या. हजारो पायऱ्या उरतातच. उतरताना गुडघे जास्त बोलतात, हे गुडघेदुखीवाल्यांना आधीच सांगायला हवं होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. पायी चढताना अंबाजीच्या आधी बाराव्या शतकातलं जैन तीर्थंकर नेमिनाथांचं मंदिर लागतं. ‘जय गिरनारी’ म्हणत चढणारे आम्ही दत्तभक्त तिथे हमखास टेकायचो. अनवाणी चढणाऱ्या जैन आजी काठी टेकवत शेजारी बसायच्या, पाय चोळत गप्पा व्हायच्या. पाचव्या शिखरावरच्या पादुका त्यांच्या श्रद्धेने नेमिनाथांच्या, आमच्या श्रद्धेने दत्तगुरूंच्या. त्यावरून वाद आहेत, पण त्या पायरीवर कोणी कोणाला परकं मानलं नाही. रोप-वेने जाणाऱ्याचा हा टप्पा सरळ हुकतो. ज्यांना झेपतं त्यांनी निदान उतरताना तरी पायी यावं आणि नेमिनाथांचं दर्शन घ्यावं.