गाणं आत, गवई बाहेर

समजा, तुम्ही १९२८ सालचे न्यूयॉर्कमधले गोरे गृहस्थ आहात. खिशात पैसे आहेत. देशात दारूबंदी आहे, म्हणजे चांगली दारू कुठे मिळते हेही ठाऊक आहे. वर अंगात रसिकता आहे. मग घरी कशाला बसता? टॅक्सी करा आणि हार्लेम गाठा. लेनॉक्स अव्हेन्यू आणि १४२व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर कॉटन क्लब आहे. वस्ती काळ्यांची, स्टेजवर काळे, ताटं-ग्लास आणून देणारेही काळे. टेबलांवर मात्र आपलीच माणसं. हे सोवळं सांभाळायला ओनी मॅडन नावाचा मालक आहे. तो सिंगसिंगच्या तुरुंगात मनुष्यवधाची शिक्षा भोगून आलेला, म्हणजे कुळाचाराची काळजी नको.

आत गेल्यावर आधी नेपथ्य बघून घ्या. दक्षिणेतल्या मळेवाल्याचा खांबांचा वाडा, मागच्या पडद्यावर विलोची झाडं आणि गुलामांच्या खोपट्या. गुलामगिरी संपून ६३ वर्षं झाली, पण आठवणी जपायला नकोत का? नाचणाऱ्या मुली उंच हव्यात, एकविशीच्या आतल्या हव्यात आणि रंगाने उजळ हव्यात. काळ्या वस्तीतला काळ्यांचा नाच बघायला आलो म्हणून डोळ्यांना त्रास का द्यायचा?

आता कान द्या. पियानोवर बसलेला, कडक इस्त्रीतला देखणा तरुण म्हणजे ड्यूक एलिंग्टन. त्याचा ट्रम्पेटवाला वाद्याच्या तोंडाशी रबरी प्लंजर धरतो, हो, मोरी तुंबल्यावर आपण वापरतो तोच, आणि तो उघडझाप करत असा काही गुरगुरतो की अंगावर काटा येतो. ही कारागिरी आहे, एकेक सूर घोटून बसवलेला आहे, असले विचार मनात आणू नका. याला ‘जंगल संगीत’ म्हणायचं. एलिंग्टन वाढला वॉशिंग्टन शहरात, त्यामुळे जंगल त्याने तुमच्याइतकंच पाहिलं असणार. पण तुम्ही पैसे जंगलाचे मोजलेत.

पदव्या वाटताना हात सैल सोडा, फक्त दिशा चुकवू नका. ‘जॅझचा राजा’ हा किताब आपण गोरे बँडवाले पॉल व्हाइटमन यांना देऊन ठेवला आहे. आडनाव मी बनवलेलं नाही.

गायिका आवडली तर तिच्या येण्याजाण्याची नीट सोय लावा. १९३७ मध्ये बिली हॉलिडे काउंट बेसीच्या बँडबरोबर डेट्रॉइटला गेली. तिथल्या थिएटरवाल्यांना ती दिव्यांखाली फारच उजळ वाटली. काळ्या वादकांमध्ये गोरी बाई उभी आहे असा कुणाचा समज झाला तर? मग तिला तोंडाला काळा रंग फासायला लावला. पुढच्या वर्षी ती आर्टी शॉच्या गोऱ्या बँडबरोबर गाऊ लागली, तेव्हा न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तिला पाहुण्यांच्या लिफ्टची बंदी झाली. तिने मालाच्या लिफ्टने वर यायचं. म्हणजे डेट्रॉइटला ती पुरेशी काळी नव्हती आणि न्यूयॉर्कला जरा जास्तच होती. कलावंत माणसाने एक काहीतरी ठरवावं! हॉटेलचं नाव विचाराल तर लिंकन.

सभागृह मात्र उघडउघड नाकारू नका, अंगाशी येतं. १९३९ मध्ये ‘अमेरिकन क्रांतीच्या कन्या’ या घरंदाज बायकांच्या संस्थेने वॉशिंग्टनमधला आपला हॉल मारियन अँडरसन या काळ्या गायिकेला दिला नाही. तर बाईंनी ईस्टरच्या रविवारी लिंकनच्या स्मारकासमोर, उघड्यावर, ७५,००० लोकांपुढे गाऊन दाखवलं, आणि तेही फुकट. लिफ्ट देत नाही तो लिंकन वेगळा, पायरी देतो तो वेगळा.

घरात तरुण मुलं असतील तर रेकॉर्डकडे लक्ष ठेवा. १९५५ मध्ये काळ्या फॅट्स डॉमिनोचं ‘एन्ट दॅट अ शेम’ आलं आणि मुलांचे पाय थांबेनात. घाबरू नका, तेच गाणं गोऱ्या पॅट बूनने, पायात पांढरे बूट घालून, पुन्हा गायलेलं मिळतं. लोकप्रिय गाण्यांच्या यादीत डॉमिनो दहावा आला, बून पहिला. कपडा तोच, फक्त धुऊन आणलेला.

आणि नॅट किंग कोल. त्याचा आवाज तर काय, मखमल. दिवाणखान्यात त्याची रेकॉर्ड हवीच. फक्त रेकॉर्ड दिवाणखान्यात आणि माणूस शेजारच्या बंगल्यात, असं होऊ देऊ नका. १९४८ मध्ये त्याने लॉस एंजेलिसच्या हँकॉक पार्कमध्ये घर घेतलं. शेजाऱ्यांनी सभ्यपणे कळवलं की इथे नको ती माणसं यायला नकोत. कोल म्हणाला, मलाही नकोत. कुणी दिसलंच तर पहिली तक्रार मीच करीन. अशा माणसाशी बोलून काय उपयोग? पुढे त्याच्या हिरवळीवर एक शिवी जाळून लिहिली गेली.

१० एप्रिल १९५६ ला तो अलाबामात, बर्मिंगहॅमला आला. हॉल महापालिकेचा, प्रेक्षक फक्त गोरे. तुम्ही चांगल्या जागेचं तिकीट काढलं आहे. तिसऱ्या गाण्याला मधल्या वाटेवरून काही माणसं धावत आली, एक स्टेजवर चढला आणि कोलला पाडलं. पियानोच्या बाकावर आपटून त्याची पाठ दुखावली. साथीला आलेल्या इंग्लिश वाद्यवृंदाला काही सुचेना, तेव्हा त्यांनी आपलं राष्ट्रगीत सुरू केलं. हल्लेखोर ‘सिटिझन्स कौन्सिल’वाले, म्हणजे काळ्या-गोऱ्यांची फारकत टिकवू पाहणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेतले. पोलिसांनी त्यांना धरलं.

आता तुमचं काम. उभे राहा आणि टाळ्या वाजवा. मिनिटामागून मिनिट, तळहात लाल होईपर्यंत. कोल परत स्टेजवर येईल. मी फक्त तुमचं मनोरंजन करायला आलो होतो, असं काहीतरी म्हणेल. आपण याच राज्यात जन्मलो, हेही सांगेल. त्याचं मॉन्टगोमरी इथून दीडशे किलोमीटरवर. पाठीमुळे पुढे गाता येणार नाही म्हणेल. तुमचे डोळेही पाणावतील, पाणावू द्या. आपण त्या गुंडांसारखे नाही, हे टाळ्यांच्या आवाजात स्वतःलाच छान ऐकू येतं. ‘गोऱ्यांसाठी’ असं छापलेल्या तिकिटाचं अर्धुक तोवर कोटाच्या खिशात नीट ठेवा.

गाणं अर्धवट राहिलं याची रुखरुख वाटत असेल, तर त्याच रात्री, त्याच हॉलमध्ये त्याचा दुसरा खेळ आहे. दुखऱ्या पाठीनिशी तो गाणारही आहे. पण तो खेळ काळ्या प्रेक्षकांसाठी. तुम्हाला आत सोडणार नाहीत.