मामा, ती फाईल कुणालाही पाठवू नका

परवा रात्री साडेदहाला मामांचा फोन. सोलापुरात अक्कलकोट रोडला त्यांचा टॉवेलचा कारखाना. परगावच्या ऑर्डरी वेबसाइटवर येतात. "अरे, ती प्रायव्हेट की म्हणजे कुठली फाईल? पाठवायचीय." व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'फुकटचं एसएसएल सर्टिफिकेट म्हणजे फसवणूक. आमच्याकडून पाच वर्षांचं एकदाच घ्या, प्रायव्हेट की व्हॉट्सॲपवर पाठवा. साइटवर कुलूप दिसलं की गिऱ्हाईक निर्धास्त.'

डोकंच फिरलं. एसएसएल सर्टिफिकेट म्हणजे साइट त्याच नावाची आहे, याचा ब्राउझरला दाखवायचा दाखला. सर्टिफिकेट काढताना आपल्याच सर्व्हरवर, म्हणजे साइट चालते त्या संगणकावर, दोन डिजिटल किल्ल्यांची जोडी बनते: एक सार्वजनिक, एक खाजगी, म्हणजेच ती प्रायव्हेट की. त्यातली सार्वजनिक किल्ली आणि साइटचं नाव घालून अर्ज होतो, त्याला सीएसआर म्हणतात. देणाऱ्याकडे जातो तो एवढाच अर्ज. खाजगी किल्लीचं त्याला कामच नाही! ती ज्याच्या हाती पडेल त्यानं गिऱ्हाईक वाटेत वळवलं, की तो तुमच्या नावानं दुकान मांडणार आणि ब्राउझर हूं की चूं करणार नाही. "माणूस भरवशाचा आहे रे," मामा म्हणाले. २०१८ मध्ये ट्रस्टिको या सर्टिफिकेट विकणाऱ्या कंपनीनं गिऱ्हाइकांच्या सुमारे २३,००० खाजगी किल्ल्या स्वतःकडे ठेवलेल्या निघाल्या, आणि त्या चक्क ईमेलनं पाठवल्या. ती सर्टिफिकेटं रद्द करावी लागली.

फुकटचं खोटं? लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था २०१५ पासून फुकट देते आणि सगळे ब्राउझर ते मानतात. साइटचा ताबा तुमचा आहे एवढंच ती तपासते, दुकानदार कोण ते नाही, हे खरं. पण स्वस्तातली विकतचीही तेवढंच तपासतात.

ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी दिसणारं कुलूप तर भामट्यांच्या साइटवरही असतं. लोक त्याचा भलता अर्थ लावतात म्हणूनच क्रोमनं २०२३ मध्ये ते चिन्ह काढलं.

आणि पाच वर्षं? १५ मार्च २०२६ पासून सर्टिफिकेटची कमाल मुदत २०० दिवस, ती घटत घटत मार्च २०२९ पासून ४७ दिवस. पैसे पाच वर्षांचे भरा, सर्टिफिकेट मधेमधे नवं काढावंच लागणार.

मुदत संपली की धंदा बसतो, हे मात्र मेसेजवाल्याच्या बाजूनं जातं. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत मामांच्या साइटवर लाल इशारा आला, दोन दिवस ऑर्डर नाही. पण त्यावर सर्टबॉटसारखी आपोआप नूतनीकरण करणारी सोय आहे, तीही फुकट.

मामांनी फाईल पाठवली नाही. त्यांना ती सापडलीच नव्हती. ग्रुपवरच्या कुणी पाठवली असेल तर आजच नवी जोडी बनवा, नवं सर्टिफिकेट चढवा आणि जुनं रद्द करायला लावा. जुन्याच किल्लीवर नवं काढू नका.