राखलेली गाडी आणि रंगवलेली गाडी

जावळी तालुक्यातील शेतासाठी मी यंदा फेब्रुवारीत एक जुनी पिकअप विकत घेतली. महिंद्राची, १९८९ साली नोंदणी झालेली, लांब चासीची, प्युजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावर बनलेले डिझेल इंजिन असलेली आणि गरज पडेल तेव्हा चारही चाकांना ओढ देता येणारी अशी ती गाडी आहे. तिला साडेतीन लाख रुपये पडले. एवढ्या रकमेत दहा-बारा वर्षे वापरलेली, पॉवर स्टिअरिंगची पिकअप मिळाली असती, असे साताऱ्यातील अनेक मित्रांनी सांगितले आणि ते खरेही आहे. तरीही हा व्यवहार मी विचारपूर्वक केला. गाडी शोधताना जे पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, अशी गाडी घेताना आपण मुख्यतः तिच्या आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेत असतो.

आधी गरज सांगतो. मेढ्याहून केळघरकडे जाताना मुख्य रस्ता सोडल्यावर माझ्या शेतापर्यंत साधारण दीड किलोमीटरची पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी कच्ची वाट, आहे. उन्हाळ्यात तेथून कोणतेही वाहन जाते. मृगाचा पाऊस लागला की लाल माती निसरडी होते, मधला ओढा गुडघाभर वाहू लागतो, आणि केवळ मागच्या चाकांच्या ओढीवर चालणारा टेम्पो, हौदा रिकामा असेल तर, पहिल्याच चढाला जागच्या जागी चाके फिरवत बसतो, कारण मागच्या चाकांवर पुरेसे वजनच नसते. हौदा भरलेला असेल तर तो खोल रुततो. लावणीच्या दिवसांत खताच्या गोण्या मी चार वर्षे भाड्याच्या ट्रॅक्टरने नेल्या. पण ज्या दिवशी आपल्याला ट्रॅक्टर हवा असतो, त्याच दिवशी तो साऱ्या गावाला हवा असतो.

या गाडीत गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन लहान दांडे आहेत. एकाने पुढच्या चाकांना ओढ जोडली जाते आणि दुसऱ्याने ‘लो’ लागतो. लो लावल्यावर प्रत्येक गिअरमध्ये चाकांपर्यंत पोहोचणारा जोर जवळजवळ अडीचपट होतो आणि वेग त्याच प्रमाणात घटतो, त्यामुळे क्लच न रगडता, माणसाच्या चालीने, गाडी चिखलातून सरकत राहते. उतारावर याचा उपयोग चढापेक्षाही मोठा आहे, कारण इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ओल्या मातीवर ब्रेक दाबून चाके घसरण्याची वेळ सहसा येत नाही. मात्र कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून गाडी चालवू नये, हे नव्या मालकाने पहिल्याच दिवशी मनावर कोरून घ्यावे. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि तो फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शियल या गाड्यांमध्ये नसतो. चिखलात चाके किंचित घसरून तो फरक निघून जातो. डांबरावर मात्र सगळा ताण शाफ्टवर आणि गिअरच्या दात्यांवर येतो.

गाडी शोधायला मला आठ महिने लागले. कोल्हापूर, कराड, सांगली, फलटण या भागांत मी तेरा गाड्या पाहिल्या आणि त्यांपैकी सर्वांत देखणी गाडी सर्वांत वाईट निघाली. लष्करी हिरवा नवा रंग, रुंद टायर, पुढे चार जादा दिवे आणि नवी कोरी आसने पाहून मी पंचवीस हजार रुपये विसार देऊन बसलो आणि मग मिस्त्रींना घेऊन दुसऱ्यांदा पाहायला गेलो. मिस्त्रींनी खिशातून लोहचुंबक काढून दारांच्या खालच्या कडेवरून फिरवले. ते कोठेही चिकटेना, कारण तेथे पत्रा शिल्लकच नव्हता, खड्डे बुजवायची नुसती लांबी (पुट्टी) भरलेली होती. पाटे, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगा, जेथे चासीला अडकतात तेथील गंजावर पट्ट्या वेल्ड करून वर काळा रंग मारला होता. आणि गाडीखाली झोपून पाहिल्यावर कळले की, फोर व्हीलचा दांडा जागेवर असला तरी पुढच्या चाकांकडे ओढ नेणारा प्रोपेलर शाफ्टच काढून टाकलेला आहे. ज्या गुणासाठी ती गाडी घ्यायची, तोच तिच्यात उरला नव्हता. विसारातील अर्धी रक्कम परत मिळाली. उरलेली मी शिकवणीची फी समजतो, पण त्या माणसाने केलेली फसवणूक मला आजही बोचते.

मी घेतलेली गाडी पाटण तालुक्यातील एका वयोवृद्ध शेतकऱ्याची, त्यांना मी आबा म्हणतो. तिचा रंग बोनेटवर इतका उडालेला की खालचा प्रायमर दिसतो, डाव्या मडगार्डला जुना पोचा आहे आणि हौद्यातल्या फळ्या वेगवेगळ्या वेळी बदललेल्या असल्यामुळे एकसारख्या नाहीत. रंगाबद्दल विचारले तेव्हा आबा म्हणाले, “रंग दिला की खाली काय चाललंय ते दिसत न्हाई.” या एका वाक्याने माझा निर्णय निम्मा झाला. उरलेला निम्मा त्यांच्या वहीने झाला. शाळेच्या दोनशेपानी वहीत त्यांनी प्रत्येक ऑईल बदल, प्रत्येक फिल्टर, प्रत्येक ग्रीसिंग तारीख आणि किलोमीटर घालून लिहून ठेवले होते. मीटर दोनदा बंद पडला तेव्हा तेही नोंदवले होते. पावसाळा सरला की ते चासी खालून पाण्याच्या दाबाने धुऊन, आठवडाभर उन्हात वाळवून, मगच तिला जळके ऑईल लावत आणि ब्रेक व रबरी भागांना त्याचा थेंबही लागू देत नसत. उन्हाळ्यात फोर व्हीलची गरज नसतानाही महिन्यातून एकदा ते शेतातल्या मातीत पुढचा दांडा टाकून दोन फेऱ्या मारत, म्हणजे पुढच्या आसातील ऑईल फिरते आणि सांधे धरत नाहीत. हे पुस्तकी ज्ञान नव्हते. दरवर्षी तेच काम करून अंगवळणी पडलेली ती शिस्त होती.

अशी गाडी आपल्याकडे दुर्मीळ का, याचे कारण आपल्या जिल्ह्यातच आहे. सातारा-सांगलीच्या डोंगरी भागातील कितीतरी जीपगाड्या वडापात, म्हणजे गावोगावच्या खासगी प्रवासी वाहतुकीत, झिजल्या. नऊ-दहा माणसांच्या जागी वीस माणसे, टपावर बोजे, दिवसातून सहा फेऱ्या आणि देखभाल जेमतेम, असे आयुष्य काढलेल्या गाडीकडून आणखी अपेक्षा ठेवता येत नाही. त्या गाड्यांनी एसटी न पोहोचणाऱ्या वस्त्यांना बाजार, दवाखाना आणि शाळा दाखवल्या, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण विकत घेताना आदर बाजूला ठेवून चासी पाहावी लागते.

सुटे भाग मिळतील का, ही शंका बहुतेकांना असते. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप. विलीज आणि फोर्ड यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. भारतात महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास जीप आणली, १९६५ पासून इंजिनावरच केबिन असलेला एफसी-१५० हा हौद्याचा ट्रकही बनवला, आणि अमेरिकेत १९५३ साली आलेल्या उंच बोनेटच्या जीपचा साचा येथे अनेक दशके फारसा न बदलता चालू ठेवला. या सातत्याचाच आज आपल्याला लाभ होतो. माझ्या गाडीचे २११२ सीसीचे इंजिन त्या काळात हजारो गाड्यांत बसले होते, त्यामुळे पिस्टन-रिंगपासून क्लच प्लेटपर्यंत बहुतेक वस्तू पुण्याच्या नाना पेठेत मिळतात. जी मिळत नाही, ती कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना दाखवून लेथवर बनवून घेता येते.

कागदपत्रांबाबत मात्र हौस कामाची नाही. चासीवर कोरलेला नंबर स्वतः कागद ठेवून पेन्सिलने उतरवून घ्यावा आणि आरसीवरच्या नंबराशी पडताळावा. अनेक जुन्या पेट्रोल जीपमध्ये नंतर दुसरेच डिझेल इंजिन बसवलेले असते. त्याची नोंद आरसीत नसेल तर गाडीतील बदलांविषयीच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या अडचणीत आपण सापडतो. गाडी खासगी म्हणून नोंदलेली आहे की मालवाहू म्हणून, हे आधी पाहावे, कारण खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवता येते आणि जुन्या मालवाहू गाडीचे दरवर्षी पासिंग, म्हणजे योग्यता तपासणी, करावे लागते. पर्यावरण कर वेगळा. विकणारे सर्रास ‘विंटेज’ हा शब्द वापरतात, पण २०२१ च्या नियमांनुसार तो दर्जा पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या गाडीलाच मिळतो, आणि तो मिळाल्यावर ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. शेतकऱ्याला त्या दर्जाचा काही उपयोग नाही.

दोन आक्षेप मला मान्य आहेत. चारही चाकांना ड्रम ब्रेक, एअरबॅग नाही, जड स्टिअरिंग, अशा गाडीत मुलांना बसवून खंबाटकी घाटातून पुण्याला जाणे मी कटाक्षाने टाळतो. त्यासाठी घरात दुसरी गाडी आहे आणि ज्यांच्याकडे ती नसेल त्यांनी या वाटेला जाऊ नये. दुसरा आक्षेप धुराचा. जुने डिझेल इंजिन नव्या इंजिनाइतके स्वच्छ कधीच होणार नाही, म्हणून मी डिझेल पंप आणि नोझल तपासून घेतले, पीयूसी वेळेवर करतो आणि वर्षाकाठी दीड-दोन हजार किलोमीटरच्या पुढे तिला चालवत नाही.

या पावसाळ्यात पाणंदीत ती एकदाही अडकली नाही. जुलैत ओढ्याचे पाणी वाढले तेव्हा दोन दिवस मीच तिला अलीकडे उभी ठेवली. खंडेनवमीच्या आधी आबांच्या पद्धतीने चासी धुऊन वाळवली, ऑईल लावले आणि त्यांच्याच वहीत पुढच्या पानावर तारीख घातली. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक सिलिंडर थोडा ओला दिसतो आहे. तो पुण्याहून मागवला असून दिवाळीपूर्वी बदलायचा आहे.