जीपीएस असताना चाकाचा सेन्सर कशाला, म्हणणाऱ्यांना उत्तर

सायकलवाल्यांमध्ये एक सल्ला सध्या जोरात फिरतोय: ‘जीपीएस थेट उपग्रहावरून वेग मोजतं, म्हणून तेच अचूक. चाकाचा सेन्सर टायरच्या हवेवर अवलंबून, शिवाय जुनं तंत्र. काढून टाका.’

‘थेट उपग्रहावरून’? उपग्रहाला तुमचा पत्ताही नसतो. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून तो स्वतःची वेळ आणि स्वतःची जागा तेवढी कळवत राहतो. बाकी हिशेब हँडलवरचं यंत्र करतं. मोकळ्या आभाळाखाली, एका लयीत चालवताना तो छान जमतो, हे मान्य. पण दाट झाडी किंवा उंच इमारती आल्या की सिग्नल अडखळतो, भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो आणि आकडा उड्या मारू लागतो. लाल दिव्यापाशी पाय टेकून उभा असताना माझा वेग ताशी 2 किलोमीटर दिसलाय. बोगद्याचं तर विचारूच नका.

‘हवेवर अवलंबून’ यात तथ्य आहे, पण चिमूटभर. सेन्सर चाकाचे फेरे मोजतो आणि यंत्र त्यांना आपण भरलेल्या परिघाने गुणून अंतर आणि वेग काढतं. परीघ 2,100 मिलिमीटर धरला आणि हवा उतरून त्यात 5 मिलिमीटरचा फरक पडला, तरी चूक पाव टक्का. खरा घोटाळा वेगळाच असतो: टायर 28 मिलिमीटर रुंदीचा आणि यंत्रात परीघ 25 मिलिमीटरवाल्याचा. टायरच्या तक्त्यांत हे परीघ साधारण 2,136 आणि 2,105 मिलिमीटर असतात. म्हणजे शंभर किलोमीटरमागे जवळजवळ दीड किलोमीटर गायब!

पण ही चूक रोज तेवढीच असते, म्हणून काढता येते. नेहमीइतकी हवा भरा, टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, सायकलवर बसा, कुणाला तरी धरायला सांगा. सरळ रेषेत चाकाचे पाच फेरे पुढे जा, अंतर टेपने मोजा, पाचाने भागा, आलेला परीघ यंत्रात भरा. मोजताना एक सेंटिमीटर चुकला तरी फेऱ्यामागे 2 मिलिमीटरच. जीपीएसची चूक झाडागणिक बदलते. तिथे खडू कुठे लावणार?

‘जुनं तंत्र’ म्हणाल तर स्पोकवरचं चुंबक जुनं खरं. आता हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, पट्ट्याने बांधायचे, बिनचुंबकाचे सेन्सर मिळतात. आणि दोन्ही जोडलेले असले की बरेच सायकल कॉम्प्युटर स्वतःच वेग चाकाकडून घेतात, नकाशा जीपीएसकडून. घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, तर जीपीएसच्या लेखी तुम्ही जागचे हललेलेच नसता.

नुसती कामावर ये-जा असेल, किंवा चाकं सारखी बदलत असाल, तर सेन्सरच्या भानगडीत पडू नका. माझ्या दुसऱ्या सायकलला तो नाहीच.