दवाखान्याच्या गेटला टाळं लावायला मी येणार नाही

आपला सरकारी दवाखाना बंद होऊ नये म्हणून आज सकाळी जी मिटिंग होती, तिच्यातून मी अर्ध्यातूनच उठून आली. तेव्हापासून फोन येऊन राहिले, ताई काय झालं, तब्येत बरी आहे ना. तब्येत बरी आहे, डोकं फिरलं आहे. ग्रुपवरच लिहिणार होती, पण ग्रुप आता दोन झाले अन् एकात लिहिलं की दुसऱ्यात स्क्रीनशॉट पोचतो, म्हणून सगळ्यांसमोर इथेच लिहिते.

झालं असं की समाजभवनात सगळे बसले होते, चहा यायचा होता, अन् आपल्या ऑटोवाल्या भाऊंनी पिशवीतून साखळी काढून सतरंजीवर ठेवली. इतवारीतून आणलेली, नवी कोरी, तेलाचा हात लागलेली. सोबत हे एवढं मोठं कुलूप. म्हणे शुक्रवारी सकाळी दवाखान्याच्या गेटला लावायचं, टाळे ठोको आंदोलन, पेपरवाल्यांना सांगून ठेवलं आहे. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पोटात गोळा आला.

अरे, ज्या दवाखान्याला बंद होऊ द्यायचं नाही म्हणून आपण तीन महिने उन्हातान्हात फिरून राहिलो, त्यालाच आपण आपल्या हाताने टाळं लावायचं?

ते गेट कधी नीट पाहिलं का तुम्ही? खालची बिजागरी केव्हाची तुटली, एक पल्ला जमिनीवर टेकला आहे, तो हलू नये म्हणून कोणीतरी त्याला वीट लावून ठेवली. इतकी वर्षं झाली, त्या विटेला शेवाळ धरलं. ते गेट बंद होतच नाही. २०१६ च्या जुलैत रात्री सव्वादोनला त्याच गेटमधून आम्ही वहिनीला आत नेलं होतं. आठवा महिना, अचानक रक्त जायला लागलं, बाहेर धो धो पाऊस, दादा गावाला. आईने शेजारी दार वाजवलं अन् हे भाऊच ऑटो घेऊन आले होते, बनियनवर. होय, हेच भाऊ, ज्यांनी आज साखळी आणली. म्हणून जास्त लागलं मला.

त्या रात्री डॉक्टर नव्हते. एकट्या सिस्टर होत्या ड्युटीवर. त्यांनी वहिनीला डाव्या कुशीवर झोपवलं, सलाईन लावलं, बीपी पाहिला, अन् एका हाताने सलाईनची बाटली वर धरून दुसऱ्या हाताने १०८ ला फोन लावला. स्टँडचं चाक तुटलं होतं. मग बाटली माझ्या हातात दिली अन् म्हणाल्या खाली नको आणू बाई, हात भरून आला तरी नको आणू. गाडी आली, डागात, बायांच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी विचारलं की सलाईन कोणी लावलं, वेळेवर लावलं म्हणून बाई हाताशी लागली. पोरगी आता शाळेत जाते, तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे तिला.

अन् तुम्ही म्हणता एकच दिवस तर टाळं लावायचं आहे, पेशंटला मागच्या दाराने सोडू. रात्री सव्वादोनला मागचं दार कोणाला सापडते?

वरचे लोक काय म्हणून राहिले ते जरा समजून घ्या. "बंद" हा शब्द ते कागदावर कुठेच लिहीत नाहीत. स्थलांतर लिहितात, विलीनीकरण लिहितात. अन् कारण काय, तर रुग्णसंख्या कमी. कमी कशी झाली हे आपल्याला माहीत आहे ना? आधी डॉक्टरांची बदली झाली, जागा भरली नाही. मग एक्स-रे बिघडला, दुरुस्त झाला नाही. मग औषध बाहेरून लिहून द्यायला लागले. मग बायांनी यायचं सोडलं, अन् मग तेच रजिस्टर उघडून दाखवतात की पहा, कोणी येतच नाही. आता त्याच रजिस्टरमध्ये आपल्या आंदोलनाच्या दिवशी एकही नाव नसणार, अन् तो कोरा रकाना आपण भरून देणार त्यांना! सकाळी हेच सांगत होती मी, तर एक पोट्टा म्हणे ताई तुम्ही घाबरता. घाबरते मी? बाटली धरून उभी होती मी त्या रात्री.

दुसरी गोष्ट. हिवाळी अधिवेशनावर मोर्चा काढायला माझी ना नाही. १९५३ च्या नागपूर कराराने अधिवेशन आपल्या गावात येते, मग आपण नाही तर कोण जाणार. पण "बायका-लेकरं पुढे ठेवू, पोलीस हात लावणार नाहीत" हे जे कोणी बोललं, त्यांना मी हात जोडून सांगते, हे वाक्य या शहरात पुन्हा बोलू नका. २३ नोव्हेंबर १९९४. गोवारी बांधव अधिवेशनावर आले होते, चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले, त्यात बाया अन् लेकरंच जास्त. झिरो माईलजवळ स्मारक आहे, रोज गाड्या जातात बाजूने. मोर्चा न्या, मी येते, सगळ्यात पुढे मी चालते, पण लेकरं घरी ठेवा अन् दोरी धरणारी माणसं आधी ठरवा.

वकील ताईंचं म्हणणं कोर्टात जाऊ. १९९६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल त्यांनी समजावून सांगितला, तो पश्चिम बंगालचा शेतमजूर, रेल्वेतून पडला, डोक्याला मार, एका सरकारी दवाखान्यातून दुसऱ्यात पाठवत राहिले अन् कुठेच भरती केलं नाही. कोर्टाने म्हटलं वेळेवर उपचार न देणं म्हणजे कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग. ऐकून बरं वाटलं. नागपूर खंडपीठात जरूर जावं. पण तिथेही पहिला प्रश्न हाच येणार, दवाखान्यात लोक येतात का? म्हणजे पुन्हा रजिस्टरच.

आता भाऊंचंही एक मान्य करते. तीन निवेदनं दिली, तिन्हींवर पोच मिळाली, उत्तर एकाचंही नाही. आवाज केल्याशिवाय कोणी पाहत नाही, हे खरं आहे. बरं, खरं आहे. पण आवाज गेटबाहेर करा ना, रस्त्याच्या त्या बाजूला मंडप टाका, साखळी उपोषण करा, थाळ्या वाजवा, मी रात्रभर बसते.

अन् माझं म्हणणं मी तीनदा सांगितलं, तीनदा कोणीतरी मध्येच बोललं. ओपीडी भरा. रोज. बीपीची गोळी असो, लेकराचा डोस असो, पोटुशी बाईची तपासणी असो, खाजगीत जाऊ नका, इथे येऊन चिठ्ठी काढा. जे औषध मिळालं नाही ते चिठ्ठीवर लिहून मागा. मग दहा रुपयांचा आरटीआय टाकू, ३० दिवसांत त्यांना त्यांच्याच रजिस्टरचे आकडे द्यावे लागतात. रोजी बुडते, मला माहीत आहे, धुणीभांडी करणारीला रोज लाइनीत उभं राहणं परवडत नाही. म्हणून पाळी लावू, गल्लीनिहाय. इथून हटलं की सगळे मेडिकलला, सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जातील, अन् मेडिकलवर आधीच अख्खा विदर्भ आहे, छिंदवाडा-बालाघाटचे लोक आहेत. आपली म्हातारी माणसं दोन ऑटो बदलून तिथे जातील का रोज?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. भाऊ, मी सगळ्यांसमोर तुम्हाला "तुम्ही विसरले का ती रात्र" म्हटलं, ते तसं म्हणायला नको होतं. तुम्ही विसरले नाहीत, मला माहीत आहे. ऑटोची सीट तुम्ही स्वतः धुतली होती पहाटे, आईने पैसे पुढे केले तर घेतले नाहीत. तुमचाही जीव तुटते म्हणूनच साखळी आणली. पण परत करून या ती, बिल असेलच.

उद्या सोमवार आहे. आईची बीपीची गोळी संपली, मी साडेआठला नंबर लावायला जाते. ज्यांना जमेल त्यांनी जुनी चिठ्ठी अन् आधार कार्ड घेऊन या. भाऊ, सकाळी ऑटो आणता का? आईला आता गेटपर्यंत चालवत नाही.